येत्या आठवड्याची थंडी



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा लागलेला असेल. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आणि २७ डिसेंबरला भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती. या दोन तारखांमधला आठवडा म्हणजे वऱ्हाडातल्या थंडीचा उंबरठा. आज आपण याच आठवड्याविषयी बोलू. बोलायला गाव घेऊ वरुड. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, संत्र्याच्या बागांनी वेढलेले हे अमरावती जिल्ह्यातले लहानसे शहर. पण जे वरुडला लागू, ते थोड्याफार फरकाने मोर्शी, परतवाडा, अंजनगाव, अकोट आणि तेल्हाऱ्यालाही लागू आहे.

वरुडकडच्या एका वाचकाचे पत्र समोर आहे. ते लिहितात, "भाऊ, आंबिया बहारासाठी बाग ताणावर हाय. थंडी वाढून रायली. शेजारी म्हनते, पानी दे, नाही तं झाडं वाळतीन. काय करू?" चार ओळींचे पत्र आहे, पण त्यात एका घराचे वर्षभराचे उत्पन्न अडकलेले आहे. त्याचे उत्तर खाली देतोच. त्याआधी थंडी कुठून येते आणि ती ओळखायची कशी, ते पाहू. कारण हे समजले तर निम्मी उत्तरे तुमची तुम्हालाच सापडतील.

थंडी येते कुठून?

२१-२२ डिसेंबरचा दिवस वर्षातला सगळ्यात लहान. आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि पावणेसहाच्या आतच मावळतो. जमीन तापायला वेळ थोडा आणि निवायला रात्र मोठी. पण एवढ्यानेच कडाका पडत नाही. खरी थंडी येते उत्तरेकडून.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून हवेचे झोत पूर्वेकडे सरकत येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्यांनी काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, पंजाब-हरियाणात पाऊस होतो. तो झोत पुढे निघून गेला की मागून कोरडा, गार वारा मध्य प्रदेशातून खाली उतरतो आणि सातपुडा ओलांडून आपल्या अंगणात येतो. म्हणून रेडिओवर उत्तरेत बर्फवृष्टीची बातमी ऐकली की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे कानाला दुपट्टा बांधायची वेळ येऊ शकते, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट आभाळाची. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते. आभाळात ढग असले तर ती ऊब अडते, जणू जमिनीवर घोंगडी पांघरलेली असावी. आभाळ निरभ्र असले, तारे लखलखीत दिसत असले आणि वारा पडलेला असला, की घोंगडी निघाली म्हणून समजा. ती रात्र गार जाणार.

तिसरी गोष्ट उताराची, आणि ती आपल्या भागात फार महत्त्वाची. गार हवा जड असते. पाण्यासारखी ती उताराकडे वाहते आणि खोलगट जागेत साचते. एकाच शिवारात उंचवट्यावरचा वावर बचावतो आणि नाल्याकाठचा वावर करपतो, तो यामुळेच. तुमच्या शेतातली सर्वांत गार जागा कोणती, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते पहाटे एकदा पायी फिरून पाहा. जिथे दव सर्वांत जास्त आणि पाय सर्वांत गार पडतात, ती जागा लक्षात ठेवा. थंडीचा पहिला मार तिथेच बसतो.

किती थंडी म्हणजे थंडी?

डिसेंबरच्या शेवटी अकोला-अमरावतीकडे दुपारचे तापमान साधारण २९-३० अंशांच्या आसपास आणि पहाटेचे १३-१४ अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे भाजणाऱ्या आपल्या मुलखाला एवढी थंडी सुखाचीच वाटते. पण पहाटेचे तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक घसरले, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. साडेसहा अंशांच्याही पलीकडे घसरले तर ती तीव्र लाट. ४ अंशांवर किंवा त्याखाली आले तर नेहमीचा आकडा न पाहताच लाट समजतात.

अशी लाट आपल्याकडे येतच नाही असे नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. वेधशाळेत हा आकडा जमिनीपासून चार फूट उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत मोजतात. निरभ्र रात्री जमिनीलगत, पिकाच्या पानावर, त्याहून दोन-चार अंश कमी असू शकते. म्हणून रेडिओवर ६ अंश ऐकले तर हरभऱ्याच्या पानाला त्याहून जास्त गार लागते आहे असे समजा.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आणि अकोला २८० मीटरच्या आसपास. त्यामुळे चिखलदऱ्याचा आकडा ऐकून अकोल्याच्या शेतकऱ्याने घाबरू नये, आणि अकोल्याचा आकडा ऐकून सेमाडोह-चिखलदऱ्याच्या शेतकऱ्याने गाफील राहू नये.

आकडा कुठे पाहायचा?

या पानावर आम्ही येत्या आठवड्याचे रोजचे आकडे छापत नाही. साप्ताहिक छापून, टपालाने तुमच्या गावी येईपर्यंत ते शिळे होतात, आणि शिळा अंदाज हा शिळ्या अन्नासारखाच, पोट बिघडवणारा. भारतीय हवामान खाते १८७५ पासून काम करते आहे. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून निघतो. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पत्रिका निघते. तीत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला असतो. आपल्या भागासाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे काम करते. घरात पोराजवळ मोबाइल असेल तर 'मेघदूत' नावाचे सरकारी ॲप घ्यायला सांगा. २०१९ पासून ते सुरू आहे आणि त्यात आपल्या भाषेत सल्ला मिळतो. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशाऱ्याचे रंग आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

पण पत्रिकेबरोबर आभाळही वाचा. तीन खुणा सांगतो.

पहिली : आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा, संध्याकाळी धूर जमिनीलगत पसरून राहतो. रात्र गार जाणार.

दुसरी : दुपारी पश्चिमेकडून पिसांसारखे पातळ, उंच ढग येऊ लागले. एक-दोन रात्री उबदार जातील, आणि ढग निघून गेले की थंडी पुन्हा उसळी घेईल.

तिसरी, आणि हीच खरी सावधगिरीची : डिसेंबरात एकाएकी थंडी पळाली, रात्री घोंगडी नकोशी झाली, वारा पूर्वेचा किंवा दक्षिणेचा फिरला आणि हवा दमट लागू लागली. लोक म्हणतात, "बरं झालं बाप्पा, थंडी गेली." पण बंगालच्या उपसागराची ओल आणि उत्तरेची गार हवा यांची गाठ पडली की अवकाळी पाऊस, वीज आणि गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत आणि २०२१ च्या डिसेंबरअखेरीलाही विदर्भात गारा पडल्या. तेव्हा हिवाळ्यात थंडी जाणे हे सुख नसून इशारा असू शकतो.

संत्रा : पत्राचे उत्तर

आता वरुडकरांच्या प्रश्नाकडे वळू. पहिला सवाल असा की तुमची बाग कोणती? झाडावर मृगाची फळे असतील, फेब्रुवारी-मार्चला तोडायची असतील, तर ती बाग ताणाची नाही. तिला पाणी नेहमीप्रमाणे द्यावे, आणि कडाक्याची रात्र असेल तर संध्याकाळी हलके ओलीत जरूर करावे. लहान, अजून बहारावर न आलेल्या कलमांनाही तेच. कोवळ्या कलमाला उत्तर बाजूने तुरट्यांचा किंवा पऱ्हाटीचा आडोसा करावा, आळ्यात कुटार पसरावे.

पण आंबिया बहारासाठी ताणावर सोडलेली मोठी, निरोगी बाग असेल, तर थंडीला भिऊन पाणी देऊ नका. शेजाऱ्याचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो या वेळी ऐकू नका.

कारण सांगतो. ताण म्हणजे झाडाला उपाशी मारणे नव्हे. पाणी तोडले की झाडाची पालवी थांबते आणि त्याच्या काड्यांमध्ये अन्न साठते. त्यावर थंडी पडली की झाड पुरते विश्रांतीला जाते. हीच विश्रांती पुढे फूल होऊन बाहेर येते. म्हणजे ताण आणि थंडी ही दोघे मिळून तुमचा बहार घडवतात. संत्र्याच्या मोठ्या झाडाला आपल्याकडची सात-आठ अंशांची थंडी वाळवत नाही. आता मध्येच पाणी दिले तर फुलाऐवजी पालवी फुटेल. ती कोवळी पालवी थंडीत करपेल, उरली तर तिच्यावर सायला आणि काळी माशी बसेल. बहारही गेला आणि फवारणीचा खर्चही आला.

पाने थोडी निस्तेज झाली, दुपारी कोमेजल्यासारखी दिसली, चौथ्या हिश्श्यापर्यंत पाने गळली, तर घाबरू नका. ताण बसल्याची ती खूण आहे. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन महिने लागतात. त्याहून जास्त गळ होऊ लागली, काड्या शेंड्याकडून वाळू लागल्या, तर मात्र ताण जास्त झाला. अशा झाडांना वाट न पाहता हलके पाणी द्यावे. आजारी, डिंक्याने पछाडलेल्या झाडावर मुळात ताण घेऊच नये.

संक्रांतीच्या सुमारास थंडीचा जोर ओसरू लागला की ताण तोडायचा. शेणखत आणि खताची मात्रा देऊन पहिले पाणी हलके, ते आंबवणीचे. दुसरे भरपूर, ते चिंबवणीचे. वरुड-मोर्शीकडे जमिनीखालचे पाणी आपण फार उपसले आहे, बोअर खोल खोल गेल्या आहेत. तेव्हा आता या आठवड्यात भीतीपोटी वाया घालवलेले पाणी मार्च-एप्रिलला फळे सुपारीएवढी असताना आठवेल. ते तेव्हासाठी राखून ठेवा.

आणि ताणाच्या बागेला थंडीपेक्षा मोठा शत्रू आहे तो अवकाळी पाऊस. ढग जमू लागले तर दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर मोकळे करून ठेवा. पाऊस पडलाच तर पाणी बुडाशी साचू न देता बाहेर निघाले पाहिजे. शिडकावा झाला तर ताण टिकतो. दणकून पाऊस झाला आणि पंधरवड्यात कळी दिसू लागली, तर पुन्हा ताण देण्याच्या नादी लागू नका. झाडाने बहार धरला आहे, आता त्याला पाणी आणि खत देऊन सांभाळा.

तर भाऊ, या आठवड्यात तुमचे काम एकच. बागेत रोज एक फेरी मारा, पाने पाहा, काडी वाकवून पाहा आणि मोटारीचे बटण दाबू नका.

हरभरा आणि तूर

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडचा भाग, तिथे विहिरीचे पाणी खारे. हरभरा पावसाळ्याच्या साठलेल्या ओलीवरच वाढतो. त्याला थंडी आणि दव मानवते. तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने थंडीचे स्वागतच करावे. ओलीताच्या हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी आणि घाटे भरताना, अशी बेताची पाणी पुरतात. फुलाच्या भरात भारी जमिनीत पाणी तुंबले तर पीक उभळते आणि मूळ कुजते.

खरी काळजी ढगाळ दिवसांची. दोन-तीन दिवस आभाळ दाटले की घाटेअळी वाढते. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग सापडले, किंवा हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार करा. आधी पाच टक्के निंबोळी अर्क. एकरी वीसेक पक्षीथांबे उभे करा. साधी काडी रोवून तिला आडवी काडी बांधली की झाला थांबा. साळुंक्या आणि कोतवाल फुकट मजुरी करून जातात.

सकाळी दवात भिजलेल्या हरभऱ्यात अनवाणी शिरू नका. त्या दवात पानांची आंब उतरलेली असते, पायाच्या भेगा चरचरतात. आपल्या आज्या याच हरभऱ्यावर रात्री धोतराचे फडके पसरून पहाटे ती आंब पिळून ठेवत आणि पोटदुखीला देत. पीक तेच, दव तेच. कुणी त्याचे औषध करी, कुणी पाय उलवून घेई.

तुरीवर धुवारी पडते आहे का, ते पाहा. सलग धुवारी पडली की फुले गळतात आणि शेंगा पोचट राहतात. धुवारीवर हमखास औषध नाही, त्यामुळे दुकानदार सांगेल ती प्रत्येक बाटली घेऊ नका. पाण्याची सोय असेल तर शेंगा भरताना एक हलके पाणी द्या. लवकरची तूर वाळली असेल तर सोंगून ढीग झाकून ठेवा. अवकाळी पावसाला सोंगलेली, उघडी पडलेली तूर फार आवडते.

गहू, कपाशी, केळी आणि पानमळे

गहू हे थंडीचे लेकरू. जितकी थंडी, तितके फुटवे. पेरून १८ ते २१ दिवस झाले असतील तर मुकुटमुळे फुटण्याचे पाणी चुकवू नका. पुढची सगळी पाणी एकीकडे आणि हे पाणी एकीकडे. दुसरे पाणी ४० ते ४५ दिवसांनी.

कपाशी वेचायची घाई पहाटे करू नका. दवाने ओला झालेला कापूस घरात ढिगात तापतो, पिवळा पडतो आणि बाजारात भाव पडतो. ऊन चढू द्या, बोंड कोरडे होऊ द्या, मग ओटी बांधा. आणि फरदडीचा मोह टाळा. डिसेंबरअखेर शेत मोकळे झाले तर गुलाबी बोंडअळीची पुढच्या वर्षीची साखळी तुटते. दोन क्विंटल फरदडीपायी पुढचा हंगाम गहाण टाकू नका.

केळी मात्र थंडीला भिते. पारा १० अंशांच्या खाली राहिला की नवे पान निसवत नाही, घड कोंडतो. अकोट, अंजनगाव, परतवाडा भागातल्या केळीवाल्यांनी गार रात्रीच्या आधी संध्याकाळी विहिरीचे पाणी द्यावे. खोल पाणी हिवाळ्यात कोमट असते आणि ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते. घडांना पोते किंवा पिशवी बांधावी, उत्तरेच्या बाजूचा आडोसा दुरुस्त करावा. अंजनगावकडच्या पानमळ्यांना आणि पानपिंपरीलाही हेच लागू. वेल नाजूक, त्याच्या मांडवाची उत्तर बाजू उघडी राहू नये.

पहाटे तीन-चारच्या सुमारास वाऱ्याच्या बाजूला ओलसर काडीकचऱ्याचा धूर करणे हा जुना उपाय आहे. वारा पडलेला असेल तरच त्याचा थोडा उपयोग होतो. पण पेटवून घरी जाऊन झोपू नका. वाळलेल्या पऱ्हाटीच्या शिवारात एक ठिणगी पुरते.

कोठा

जनावराला थंडी बोलून दाखवता येत नाही. अंगावरचे केस उभे राहिले, पाठ कमानदार झाली, वासरू कोपऱ्यात दडून बसले, तर ओळखा. कोठ्याच्या उत्तर बाजूला पोत्यांचे पडदे बांधा, पण चारही बाजू कोंडू नका. मुताचा वास कोंडला की जनावर खोकते. खाली कोरडे कुटार अंथरा. रात्रीचा चारा थोडा वाढवा, कारण चारा पचतानाच जनावराच्या अंगात ऊब तयार होते. हौदातले रात्रभर गार पडलेले पाणी पाजू नका, सकाळी विहिरीचे ताजे काढा. लहान वासरांना पोत्याची झूल शिवा. नवे वासरू जन्मले तर पुसून कोरडे करा आणि तासाभरात चीक पाजा. खरवसाचा विचार मागाहून. शेळीची पिले आणि कोंबड्या यांना थंडी सर्वांत आधी लागते, त्यांच्याकडे झोपण्यापूर्वी एकदा कंदील घेऊन जा.

घर आणि रात्रीचे ओलीत

आता जे पिकापेक्षाही मोलाचे, त्याविषयी.

पहिली सूचना घरातल्या मायबहिणींना. पेटलेल्या कोळशाची शेगडी दार-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. शेकून घ्या, मग शेगडी बाहेर ठेवा. दुसरी गोष्ट खास वऱ्हाडाची. या दिवसांत आपल्या घराघरात, ओसरीवर, माळ्यावर कापसाचे ढीग असतात. शेकोटी, चूल, विडी आणि तो ढीग यांच्यात अंतर ठेवा. वर्षाची कमाई आणि घर, दोन्ही एका ठिणगीच्या अंतरावर असतात.

म्हाताऱ्या माणसांना पहाटे एकदम बाजेवरून उठू देऊ नका. अंगावर घेऊन थोडे बसावे, मग बाहेर जावे. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रोग्यांना पहाटेची थंडी फार जड जाते. छातीत दुखले, श्वास लागला, तर "थंडीनं झालं असंल" म्हणून सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. बाळंतीण आणि तान्हे मूल असेल तर बाळाला आईच्या कुशीत, डोके झाकून ठेवा.

तिसरी सूचना कारभाऱ्यांना. ज्या भागात शेतपंपाला अजून रात्रीची पाळी आहे, तिथे लोक मध्यरात्री ओल्या पायाने दारे धरतात. ही काही हौस नव्हे, नाइलाज आहे. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी न्याय्यच आहे. सौर वाहिनी योजना २०१७ मध्ये निघाली ती यासाठीच. जिथे ती पोहोचली नाही तिथे गावाने मिळून पाठपुरावा करावा. तोवर एवढे करा : एकटे जाऊ नका. पायात गमबूट, हातात टॉर्च असू द्या. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका, कोरडे बदलायला सोबत न्या. दारू प्यायल्याने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे. घटकाभर कातडी गरम लागते आणि आतली ऊब निघून जाते. रोही-रानडुकरांच्या जागलीला माळ्यावर बसणाऱ्यांनाही हेच सांगणे.

थंडीचे सुखही आहेच. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडा, सोल्यांची भाजी करा, वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी होऊ द्या, हुरड्याला पाव्हणे बोलवा. जवसाची चटणी आणि तीळ-गूळ पोटात असला की अंगाला थंडी कमी लागते. शाळेतल्या पोरांच्या डब्यात एक लाडू टाका.

थोडक्यात, या आठवड्याची कामे

मंगळवार आणि शुक्रवारची पत्रिका ऐका किंवा पाहा. शेतातली गार जागा हुडकून ठेवा. ताणाच्या संत्र्याला पाणी देऊ नका, चर मात्र मोकळे करा. हरभऱ्यात सापळे पाहा. गव्हाचे पहिले पाणी साधा. कापूस दव वाळल्यावर वेचा, सोंगलेली तूर झाका. कोठ्याला पोती बांधा. शेगडी बाहेर ठेवा.

आणि २७ तारखेला भाऊसाहेबांची आठवण करा. १८९८ मध्ये पापळसारख्या खेड्यात जन्मलेला हा माणूस १९५२ ते १९६२ देशाचा कृषिमंत्री होता. शेतकऱ्याने शास्त्र शिकावे, ही त्यांची तळमळ. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. आज जी हवामानाची पत्रिका तुमच्या गावापर्यंत येते, ती तिथूनच. ती न वाचता ठेवून देणे बरे नव्हे.

त्याआधी २० तारीख. १९५६ मध्ये याच थंडीच्या दिवसांत, अमरावतीजवळ वलगावला, गाडगेबाबांनी देह ठेवला. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र, हा त्यांचा धर्म. तुमच्या शिवारात या दिवसांत मेळघाटातून संत्रातोडीला, कापूस वेचायला मजूर आलेले असतील. पाल ठोकून, लेकरे कुशीत घेऊन ते उघड्यावर झोपतात. उत्तरेचा वारा त्यांच्या पालात आधी शिरतो, तुमच्या घरात नंतर. घरात एखादी जुनी वाकळ, एखादे घोंगडे जास्तीचे असेल. २० तारखेच्या संध्याकाळी ते पालापर्यंत पोचवा. कडाका पडायच्या आधी पोचले तर त्याची किंमत दुप्पट.

कानाला दुपट्टा बांधा, आभाळाकडे डोळे ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. राम राम.